मदत हवी आहे: राजापूरकडचं कौलारू घर दिवाळीनंतर विकायचंय, पावसाआधी काय करून घ्यावं?

माजघर
मंडळी, राजापूर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे न्हाणी, परसात विहीर. सगळे उतार धरून छप्पर साधारण 1300 चौरस फूट. घर बहुतेक बंदच असतं, शेजारचे काका अधूनमधून दार उघडतात. आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ, तिघांनी मिळून विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक बघायचं ते दिवाळीनंतर. आज 4 मे, म्हणजे हातात जेमतेम महिना, आणि खर्चही बेताचाच करायचाय.

माजघरात दोन ठिकाणी गळतं. मुख्य छपराचा आणि स्वयंपाकघराचा उतार जिथे एकमेकांना मिळतात तिथली भिंत हिरवी पडलीय. एका चौकटीवर मातीच्या रेघा चढल्यात. वानरांनी कौलं फोडलीत ती वेगळीच. गावात जो तो सांगतोय, कौलं काढा, पत्रे टाका, आतबाहेर रंग मारा, घर लगेच जाईल. करावं का तसं?

चिरेबंदी
रंग आत्ता अजिबात नको. मे महिन्यात चिरा वरून खडखडीत दिसतो, पण गळती कुठून आहे हे कळायच्या आत रंग मारलात तर गणपतीपर्यंत फोड येऊन पोपडे सुटतील. मग नोव्हेंबरात तोच खर्च पुन्हा, आणि वर गिऱ्हाइकाला वाटणार की काहीतरी झाकलंय. आत्ताचा सगळा पैसा पाण्याच्या वाटेवर घाला: छपर, पन्हळ, पागोळीखालचं गटार. बाकीचं ऑक्टोबरात.

छपराचं काम या क्रमाने करा. आधी भर दुपारी आतले दिवे बंद करून माळ्यावर चढा. जिथे उजेडाची भोकं दिसतील तिथे रिपेवर (कौलं ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीवर) खडूने खूण करा. पण एक ध्यानात ठेवा, पाणी जिथे टपकतं तिथेच आत शिरलेलं नसतं. ते रिपेवरून, वाशावरून घरंगळत खाली येतं. त्यामुळे जमिनीवरच्या डागाच्या थेट वरचं कौल बदलून भागत नाही. त्या वाशाने (उतारावरच्या तिरक्या लाकडाने) आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे, वर जात जात काळी ओघळ कुठे सुरू होते ते बघा, दोषी कौल तिथे सापडेल.

मंगलोरी कौल 100 चौरस फुटाला साधारण 140 लागतं, म्हणजे तुमच्या छपराला 1800 च्या आसपास. फुटलेली मोजा आणि त्यावर 100 जादा धरा, कारण उतरवताना काही फुटतातच. नवीन आणण्याआधी घरचं एक अख्खं कौल बरोबर घेऊन जा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. साचा बदलला की खाचा नीट बसत नाहीत, अर्धा सेंटिमीटर फट राहिली तरी वाऱ्याच्या झोताने पाणी आत येतं. म्हणून नवीन कौलं मध्येमध्ये पेरू नका. एका टोकाची पूर्ण पट्टी नव्याने करा आणि तिथली निघालेली जुनी चांगली कौलं बाकी फटींना वापरा. जुन्या घरांची उतरवलेली कौलं विकायला असतात, तीही बघा, बऱ्याचदा साचा तिथेच जुळतो. प्रत्येक कौल बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बाजूला.

शेवाळ प्रेशरच्या पाण्याने उडवू नका. कौलाची वरची भाजलेली साय निघते आणि मग तेच कौल पाणी प्यायला लागतं. खराटा आणि साधं पाणी पुरे.

कोनवासा
चिरेबंदींनी मुख्य ते सांगितलंय. मी फक्त त्या हिरव्या भिंतीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तुमचा खरा रोग तिथेच आहे.

दोन उतार मिळतात तिथे कौलांखाली पत्र्याची पन्हळ असते. जुन्या घरात ती बहुधा अरुंद असते आणि गंजलेली. दोन्हीकडची कौलं तिच्यात इतकी पुढे आलेली असतात की मध्ये दोन बोटांचीही जागा उरत नाही. त्यात आंब्याची पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि पत्र्याच्या काठावरून बाजूच्या भिंतीवर उतरतं. वरून एकही कौल फुटलेलं नसतं, त्यामुळे गवंडी म्हणतो छपर ठीक आहे आणि भिंतीला गिलावा करून मोकळा होतो.

दोन्ही बाजूंची दोन-दोन ओळ कौलं उतरवा. खालची फळी कुजली असेल तर बदला. 24 गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा किमान 60 सेंमी रुंद घ्या आणि दोन्ही काठ 2 सेंमी वर दुमडून घ्या, म्हणजे उसळलेलं पाणी पलीकडे जात नाही. कौलाखाली पत्रा प्रत्येक बाजूला निदान 15 सेंमी आत गेला पाहिजे. वरची कौलं तिरकी कापून मध्ये हाताचा पंजा जाईल इतकी मोकळी वाट ठेवा. सांधा द्यावाच लागला तर वरचा तुकडा खालच्यावर 15 सेंमी चढवा. मधोमध खिळा कधीच मारायचा नाही, तो दुमडलेल्या काठाच्या बाहेर. सुतार घाईत असला की नेमका मध्येच ठोकतो, तेव्हा समोर उभे राहा.

आढ्यावरचे कोने (माथ्यावरची वाकडी कौलं) हलत असतील तर ते निव्वळ सिमेंटमध्ये बसवू देऊ नका. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कडक माल तडकतो आणि त्या चिरेतून पाणी थेट आढ्यावर. 1 सिमेंट, 1 चुना, 6 वाळू, एवढा मऊ माल चालतो.

तिरफळ
पत्र्याची बाजूही ऐका जरा. वानरांचा त्रास असलेल्या गावात कौलं म्हणजे दर वर्षीचं दुखणं, हे मान्य करा. मुंबईचा गिऱ्हाईक पहिल्या पावसात फोन करून शिव्या घालतो.

चिरेबंदी
@तिरफळ, वानरांचं खरं आहे. घर राहतं असतं तर मीही विचार करा म्हटलं असतं. पण इथे विकायचंय. कौलारू चिरेबंदी घर शोधत येणारा माणूस कौलंच शोधत येतो. ज्याला नवीन बांधायचंय तो जुनं पाडणारच, त्याला तुमचा पत्राही नको. दोघांसाठीही पत्र्याचा खर्च वाया. शिवाय कौलं काढून पत्रा टाकला की रिपांचं अंतर बदलतं (कौलांना साधारण साडेबारा इंच लागतं), मागे फिरायची सोय राहत नाही. आणि अस्तराशिवाय पत्रा टाकला तर पहाटे आतून घाम धरतो, तेच पाणी वाशांवर. वानरं येतात ती बहुतेक छपरावर वाकलेल्या फांदीवरून. छपरापासून 3 मीटरपर्यंतच्या आंबा-फणसाच्या फांद्या आत्ता तोडून घ्या, त्याने पानांचाही प्रश्न निम्मा सुटतो.

पागोळीला पन्हळ लावणार असाल तर हिशोब असा: 100 चौरस मीटर छपरावर तासाला 100 मिमी पाऊस कोसळला तर 10,000 लिटर पाणी. कोकणात अशी सर येतेच. एका पाइपच्या भरवशावर राहू नका, दोन्ही टोकांना 110 मिमीचे पाइप द्या आणि पन्हळीला मधून दोन्हीकडे उतार. पन्हळ परवडत नसेल तर पागोळीच्या रेषेत 60 सेंमी रुंद चिऱ्याची फरशी टाका, भिंतीपासून बाहेर दर फुटाला पाव इंच उतार. मातीवर पडणारी पागोळी चिखल उडवते आणि भिंतीचा खालचा हातभर भाग पावसाळाभर ओला ठेवतो. ती ओल लोक जमिनीतून आली समजतात.

माजघर
खूप आभार! पन्हळीचं कोणीच बोललं नव्हतं. चौकटीवरच्या मातीच्या रेघा म्हणजे वाळवीच ना? दुकानदार म्हणाला डिझेल ओता. आणि विहीर त्या दारापासून जेमतेम 20 फुटांवर आहे.

काजुबिया
@माजघर, मातीच्या रेघा म्हणजे वाळवी. वाशाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो भुंगा, त्याचा उपाय वेगळा. चौकट स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर औषध मारून उपयोग नाही, तेवढा तुकडा बदलायचा.

डिझेल नको. वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि वाळवीचं वारूळ जमिनीत, तिथवर ते पोचत नाही. रीतसर पद्धत अशी: भिंत आणि जमीन मिळते तिथे 30 सेंमी अंतरावर 12 मिमीची तिरकी भोकं पाडायची, प्रत्येकात जास्तीत जास्त लिटरभर द्रावण सोडायचं, मग भोकं बंद. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर लिटर पाण्याला 2.1 मिली. चिऱ्याच्या भिंतीत वाळवी दर्जांमधून (दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांमधून) आतल्या आत वर चढते, त्यामुळे चौकटीभोवतीच्या दर्जाही खरवडून पुन्हा भराव्या लागतात. नुसती चौकट रंगवली की ती दुसऱ्या खिडकीपाशी निघते.

पण विहीर 20 फुटांवर आहे म्हणता, तर त्या बाजूला जमिनीत कुठलंही औषध सोडू नका. जांभा भोकाळ दगड, पावसाचं पाणी त्यातून सरळ विहिरीत उतरतं. तिथे रेघा मोडा, लाकूड जमिनीपासून तोडून खाली चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा तुकडा द्या आणि परवानाधारक माणसाकडून फक्त लाकडावर उपचार करून घ्या. हे काम 20 मेच्या आत. जमीन पाण्याने भरली की औषध आत शिरत नाही.

वासे-रिपांना काजूच्या टरफलाचं तेल उत्तम, फक्त लाकूड सुकं हवं आणि हातात जाड मोजे हवेत, कातडी भाजते. वाळायला वेळ घेतं म्हणून तेही लवकर. पूर्वी चुलीचा धूर हेच काम फुकटात करायचा, बंद घरात ते राहिलं.

आणि घर पावसाळ्यात घट्ट बंद करून ठेवू नका. कपाटांची दारं उघडी, गाद्या घराबाहेर काढलेल्या, खिडक्यांना बारीक जाळी लावून वरची झडप उघडी. काकांना सांगा पंधरवड्यातून एकदा सकाळी दारं उघडून दुपारी लावायची. बंद खोलीत बुरशी पहिल्याच महिन्यात धरते.

उतारा_फेरफार
घराचं बोलून झालं असेल तर कागदांकडे या. पावसाळ्याचे चार महिने त्यासाठीच असतात.

पहिला प्रश्न: घर गावठाणात आहे की शेतीच्या सातबाऱ्यावर? यावर तुमचं गिऱ्हाईक ठरतं. शेतजमिनीवर असेल आणि बिनशेती झालेलं नसेल, तर 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 मुळे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकत घेता येत नाही. म्हणजे पुण्यातले निम्मे इच्छुक आपोआप गळाले. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव किंवा कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही असा) आहे का तेही बघा. असेल तर आत्तापासून लागा, ते महिन्याभरात सुटत नाही.

गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 घरपट्टीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची मिळकत पत्रिका तयार झालीय का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.

वारसनोंद झालीय का? तुम्हा तिघांची आणि आई असतील तर त्यांचीही नावं लागली पाहिजेत. कोकणात बहिणींची नावं लावायची राहिलेली असतात किंवा इतर हक्कात ढकललेली असतात, आणि खरेदीखताच्या दिवशी वकील तिथेच थांबवतो. हद्दीबद्दल शंका असेल तर मोजणीचा अर्ज आत्ता भरा. पावसात प्रत्यक्ष मोजणी रखडते, पण नंबर तर लागेल. गडगा सरकलेला असणं नवीन नाही.

विहीर एकट्याची की सामाईक, आणि घरापर्यंतची वाट कागदावर आहे की नुसती वहिवाटीची, हे गिऱ्हाईक विचारायच्या आत तुम्हाला माहीत हवं.

माजघर
घर गावठाणात आहे. वारसनोंदीत भावाचं एकट्याचंच नाव आहे. त्याची काहीच हरकत नाही, पण आम्हा बहिणींची नावं लावून पुन्हा काढायची म्हणजे दुप्पट काम नाही का?

उतारा_फेरफार
नाही. नावं लावा आणि तिघांनी मिळून खरेदीखतावर सह्या करा. हक्कसोडपत्र केलंत तर विक्रीचा पूर्ण पैसा आणि त्यावरचा भांडवली नफ्याचा कर भावाच्या एकट्याच्या डोक्यावर. तिघांची नावं असली की तो तिघांत विभागतो. घर 2001 च्या आधीचं असल्यामुळे 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, नोंदणीकृत मूल्यांककाकडून तो अहवाल काढून घ्या. शाकारणीचा (कौलं चाळून पुन्हा बसवण्याचा) खर्च नफ्यातून वजा होत नाही, ती देखभाल. छपर नव्याने बांधलं तर तो सुधारणेत धरायला जागा असते. पावत्या मात्र सगळ्याच ठेवा.

कोनवासा
@माजघर, एक काम काकांवर सोपवा. जुलैत दोनतीन दिवसांची संततधार लागली की घराच्या आतून व्हिडिओ काढायला सांगा: प्रत्येक खोलीचा माळा, ती स्वयंपाकघराची भिंत, पन्हळीचं टोक, आणि शेवटी दारातून बाहेरचा पाऊस. मध्ये कापायचं नाही, एका दमात. नोव्हेंबरात घर बघायला येणारा पहिला प्रश्न गळतीचाच विचारतो.

कुठे टपकलंच तर तिथे खडूचं वर्तुळ करून ठेवा, ऑक्टोबरात तेवढीच कौलं काढायची. मग भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर आणखी दोन आठवडे थांबा. कोरडं निघालं की चुन्याचे दोन हात. प्लॅस्टिक रंग आणि पुट्टी चिऱ्याला नकोच. आणि समोरच्या भिंतीचा चिरा उघडा असेल तर तो रंगवूच नका, नुसत्या दर्जा भरा.