मदत हवी आहे: टार्गेटसाठी नवं कंपाउंड धनुष्य – हॉयट, मॅथ्यूज, पीएसई, बोटेक, एलिट यांची तुलना नेमकी कशावर करायची?

नमस्कार मंडळी,

स्वतःचं पहिलं कंपाउंड (टोकांना कॅम, म्हणजे आकारदार चाकं असलेलं) धनुष्य घ्यायचं ठरवलंय. सगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून काढली आणि गोंधळ उलट वाढला. आजवर सरावाला दुसऱ्यांचं धनुष्य वापरत आले, त्यामुळे निवडीचा प्रश्न कधी आलाच नव्हता. आता जे घेईन ते बरीच वर्षं हातात राहणार आहे, म्हणून घाई करायची नाहीये.

आधी माझी माहिती, म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल. ड्रॉ लेंग्थ (पूर्ण खेचल्यावरची लांबी) २७ इंच, ड्रॉ वेट (खेचायला लागणारा जोर) ५० पाउंड. तेवढं आरामात खेचता येतं, पुढे ५५ पर्यंत जायची इच्छा आहे. शिकार नाही, थ्रीडी (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम) नाही, फक्त टार्गेट: बाहेर ५० मीटर, आत १८ मीटर. रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) अंगठ्याचं वापरते, हिंज (बटणाशिवाय, फिरून सुटणारं रिलीज) शिकणं चालू आहे. बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र) माझ्या हाताशी नाही, हा मुद्दा माझ्यासाठी मोठा आहे.

आता अडलंय कुठे ते सांगते.

पहिलं म्हणजे वेग. प्रत्येक कंपनी सेकंदाला ३२०, ३३०, ३४० फूट असे आकडे ठळक अक्षरांत छापते. पण हे आकडे साधारणपणे ७० पाउंड ड्रॉ वेट, ३० इंच ड्रॉ लेंग्थ आणि ३५० ग्रेन वजनाचा बाण या मापावर काढलेले असतात. माझं माप त्याच्या जवळपासही नाही. मग दोन धनुष्यांमधला १० फुटांचा फरक माझ्या हातात आल्यावर उरतो तरी किती? आणि उरलाच, तर ५० मीटरवर त्याने गुण वाढतात का?

दुसरं, लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण खेचल्यावर हातातलं वजन किती टक्क्यांनी कमी होतं ते. कुणी ६५ टक्के, कुणी ८०, पीएसईच्या इव्हॉल्व्ह कॅमवर तर ८० ते ९०. जास्त लेट-ऑफ म्हणजे धरायला हलकं, एवढं कळतं. पण मग टार्गेटवाले बरेच जण मुद्दाम कमी लेट-ऑफ का ठेवतात?

तिसरा प्रश्न लांबीचा. शिकारीची धनुष्यं अ‍ॅक्सल-टू-अ‍ॅक्सल (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) ३० इंचांच्या आसपास, टार्गेटची ३६ ते ४०. माझ्यासारख्या कमी ड्रॉ लेंग्थच्या माणसाने ४० इंची धनुष्य घ्यावं का? हातात घेतल्यावर ते स्थिर वाटलं खरं, पण स्टॅबिलायझर (तोल राखणारी दांडी) आणि साइट (नेम धरायचं साधन) लावल्यावर सरावाच्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये डावा खांदा खाली यायला लागला.

आणि शेवटचं, ट्यूनिंग, म्हणजे बाण सरळ सुटेल असं धनुष्य जुळवणं. बोटेकचं डेडलॉक, एलिटचं एस.ई.टी., मॅथ्यूजचे टॉप हॅट, हॉयटच्या दुभागलेल्या केबलला पीळ देणं. हे सगळे एकाच दुखण्यावरचे इलाज दिसतात, पण यातलं प्रेसशिवाय काय जमतं?

"कुठलंही घ्या, सगळी चांगलीच आहेत" हे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळालं. ते खरंही असेल, पण त्यावरून निवड होत नाही. ज्यांनी यातली दोन-तीन धनुष्यं प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

*

प्रतिसाद – निवांत_नेम

छान धागा. माप आधी दिलंत ते बरं झालं, नाहीतर सगळी चर्चा हवेत जाते.

वेगाचा हिशेब करून बघू. समजा छापील आकडा ३३० आहे. ड्रॉ लेंग्थ एक इंच कमी झाली की ढोबळमानाने १० फूट जातात. तुमचे तीन इंच कमी, म्हणजे ३००. वजनात २० पाउंड कमी, त्याचे अजून ३५-४० फूट. स्ट्रिंगवर (दोरीवर) पीप (नेमासाठी डोळ्यापुढचं भोक) आणि डी-लूप (रिलीज अडकवायचा फास) आले की आणखी थोडे. म्हणजे ३५० ग्रेनच्या बाणाला तुम्हाला २६०च्या आतबाहेर मिळतील. दुसरं धनुष्य छापील ३४०चं असेल तर २७०. पन्नास मीटर जायला बाणाला साधारण ०.६५ सेकंद लागतात. १० फूट वेग वाढला तर त्यातले जेमतेम दोन-अडीच शतांश सेकंद वाचतात. अंतर ठरलेलं, साइट त्यावर बसवलेली. तिथे या दोन शतांशांनी वाऱ्यात किंचित फायदा होतो, बाकी काही नाही. थ्रीडीत अंतर अंदाजाने ओळखावं लागतं, तिथे वेगाला किंमत आहे. तुमच्या खेळात नाही.

उलट वेगासाठी मोजावं काय लागतं ते पाहा. जलद कॅम सुरुवातीलाच पूर्ण वजनावर चढतो, शेवटपर्यंत तिथेच राहतो आणि मग एकदम खाली पडतो. व्हॅली, म्हणजे पूर्ण खेचल्यावरची हलक्या वजनाची जागा, अरुंद असते. पूर्ण खेचलेल्या अवस्थेत तुम्ही कणभर पुढे सैल झालात की धनुष्य हात ओढून नेतं. दुकानात दोन बाण मारताना हे कळत नाही, चाळिसाव्या बाणाला कळतं. म्हणून धनुष्य बघायला जाल तेव्हा एक गोष्ट नक्की करा: पूर्ण खेचा, नेम धरा आणि बाण न सोडता सावकाश परत खाली आणा. परत येताना जे धनुष्य खांद्याला हिसका देतं, ते सामन्याच्या ताणात तुमच्याशी भांडणार.

ब्रेस हाइट, म्हणजे न खेचलेल्या दोरीचं ग्रिपपासूनचं अंतर, तीही याच हिशेबात बघा. सहा इंचांचं धनुष्य वेगवान, पण बाण स्ट्रिंगवर जास्त वेळ राहतो, म्हणजे हाताची प्रत्येक चूक त्याला लागते. टार्गेटला सातच्या आसपासचं असावं असं माझं मत.

*

प्रतिसाद – तिसरा_बाण

लेट-ऑफबद्दल थोडक्यात. ५० पाउंडाला ८० टक्के म्हणजे हातात १० पाउंड उरले. ६५ टक्के म्हणजे साडेसतरा. हा साडेसात पाउंडांचा फरक नेम धरताना स्पष्ट जाणवतो. हातात वजन असलं की पाठ कामात राहते, साइटची पिन कमी भटकते आणि हिंज रिलीज खेचताना स्वच्छ सुटतं. फार हलकं झालं की माणूस नुसता धरून उभा राहतो, खेचत नाही. पण ६५ टक्क्यांना थकवा लवकर येतो हेही तितकंच खरं. ७० ते ७५ मिळत असेल तर तिथून सुरुवात करा. ज्या धनुष्यात ड्रॉ स्टॉप (खेचणं जिथे थांबतं तो अडसर) सरकवून किंवा मॉड्यूल (कॅमवरचा बदलता तुकडा) बदलून लेट-ऑफ बदलता येतो तेच घ्या, म्हणजे आज घेतलेला निर्णय कायमचा गळ्यात पडत नाही.

*

धागालेखिका

दोघांनाही मनापासून धन्यवाद. सावकाश खाली आणायची चाचणी मला कुणीच सांगितली नव्हती. वेगाचा प्रश्न माझ्यापुरता संपला.

आता मॉड्यूल. काही धनुष्यांत एकच मॉड्यूल फिरवून ड्रॉ लेंग्थ बदलते, काहींमध्ये प्रत्येक लांबीला वेगळं मॉड्यूल विकत घ्यावं लागतं. ऐकायला पहिला प्रकार सोयीचा वाटतो. त्यात काही मेख आहे का? आणि लांबी व ट्यूनिंगबद्दल अजून कुणी बोललं नाहीये.

*

प्रतिसाद – पीप_आणि_पिन

मेख आहे, आणि २७ इंचवाल्यांना तीच सगळ्यात जास्त बोचते. फिरत्या मॉड्यूलचा कॅम समजा २५ ते ३० इंचांसाठी बनवलाय. तो सगळ्या लांब्यांना सारखा चालत नाही. आखूड टोकाकडे गेलात की साठवलेली ऊर्जा कमी होते आणि खेचण्याचा आकारही बिघडतो. म्हणून विचारायचा प्रश्न "२७ इंच बसतं का?" हा नाही. "या कॅमच्या पट्ट्यात २७ कुठे येतं?" हे विचारा. हॉयट टार्गेट धनुष्यांचे कॅम वेगवेगळ्या आकारांत देते. तुमची लांबी ज्या आकाराच्या वरच्या टोकाला येते तो आकार मागा. मॅथ्यूजच्या स्विचवेट मॉड्यूलमध्ये लांबी ठरलेली असते, आणि मॉड्यूल बदलून कमाल वजनही पाच-पाच पाउंडांनी बदलता येतं. तुम्हाला ५० वरून ५५ वर जायचंय, तेव्हा लिम्ब (धनुष्याची लवचीक पाती) न बदलता हे होणं उपयोगाचं. नाहीतर ५०-६० पाउंडांचे लिम्ब घ्यावे लागतील आणि सुरुवातीला बोल्ट सैल करून खालच्या टोकावर वापरावे लागतील. ते चालतं, पण तेच धनुष्य बोल्ट आवळलेले असताना जास्त घट्ट आणि शांत लागतं. ७० पाउंडांचे लिम्ब मात्र कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. वर्ल्ड आर्चरीच्या नियमाने कंपाउंडला कमाल ६० पाउंडच चालतात.

लांबी. तुमच्या खांद्याने उत्तर आधीच दिलंय. लांब धनुष्यात स्ट्रिंगचा कोन सौम्य राहतो, ती नाकाला आणि हनुवटीला नीट टेकते, पीप डोळ्याजवळ येतो. ज्याची ड्रॉ लेंग्थ ३० आहे त्याला यासाठी ३८-४० लागतं. २७ इंचांना हाच कोन ३६-३७ च्या धनुष्यावरही मिळतो. जादा वजन मग कशाला वाहायचं? नुसतं धनुष्य साडेचार-पाच पाउंड, त्यावर साइट, स्कोप, लांब आणि बाजूचा स्टॅबिलायझर. एका फेरीत ७२ बाण, आणि तेवढ्याच वेळा हे उचलायचं. मॅथ्यूजचं टायटल ३६ आणि ३८ अशा दोन्ही लांब्यांत येतं. दोन्ही हाताळायला मिळाली तर तोच स्टॅबिलायझर दोन्हींवर लावून बघा, फरक तिथल्या तिथे कळेल.

आता ट्यूनिंग, माझा आवडता विषय. कागदातून बाण मारला आणि फाट डावी-उजवीकडे गेली, की बहुतेक वेळा कॅम आणि बाण एका रेषेत नाहीत असं समजायचं. इलाज दोनच: कॅम बाजूला सरकवा, नाहीतर कॅमचा कल बदला. बोटेकच्या डेडलॉकमध्ये एक स्क्रू फिरवला की कॅम अ‍ॅक्सलवर डावी-उजवीकडे सरकतो, दुसऱ्याने तो जागेवर पक्का होतो. प्रेस लागत नाही. एलिटच्या एस.ई.टी.मध्ये लिम्ब पॉकेटचा (लिम्ब बसतो त्या खोबणीचा) कोन स्क्रूने बदलतो आणि त्याबरोबर कॅमचा कल. तिथेही प्रेस नको. मॅथ्यूजच्या टॉप हॅट पद्धतीत कॅमच्या दोन बाजूंचे स्पेसर काढून वेगळ्या जाडीचे घालायचे, म्हणजे अ‍ॅक्सल बाहेर आणि प्रेस आलाच. हॉयटच्या कॅम-अँड-हाफ धनुष्यांत केबल वरच्या कॅमपाशी दुभागलेली असते. एका फाट्याला पीळ वाढवून दुसऱ्याचा कमी केला की कल बदलतो. फार बारीक काम होतं त्यात, अर्ध्या पिळाचा फरकही कागदावर दिसतो, पण प्रेस हवा. त्यामुळे तुमच्या परिस्थितीत बोटेक आणि एलिट दोन पावलं पुढे आहेत. स्ट्रिंग आणि केबल बदलायच्या वेळी प्रेस सगळ्यांनाच लागतो, पण ते काम रोजचं नव्हे.

एक विनंती. कागदाची फाट बघून धनुष्याला नावं ठेवण्याआधी बाणाचा स्पाइन (कडकपणा) तुमच्या वजनाला आणि लांबीला जुळतो का ते तपासा. ७० पाउंडवाल्याच्या कडक बाणांनी चाचणी घेतली तर कुठलंही धनुष्य वाईटच दिसेल. शक्य असेल तर स्वतःचे बाण घेऊन जा.

*

प्रतिसाद – निवांत_नेम

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एका बाबतीत थोडं वेगळं मत. प्रेस नाही म्हणून हॉयट किंवा मॅथ्यूज बाद करू नका. चांगल्या माणसाकडून एकदा नीट बसवून घेतलेलं धनुष्य, स्ट्रिंग चांगल्या धाग्याची असेल तर, खूप काळ हलत नाही. दोन्ही कॅमचं टायमिंग मात्र अधूनमधून बघत राहा. खेचल्यावर दोन्ही स्टॉप एकाच वेळी टेकायला हवेत. दुसऱ्या कुणाला बाजूला उभं करून बघायला सांगा किंवा फोनवर चित्रण करा. खालचा आधी टेकला आणि वरचा मागे राहिला की बाण उभ्या रेषेत पसरायला लागतात, आणि माणूस उगाच स्वतःच्या पकडीला दोष देत बसतो.

ग्रिपबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझ्या दृष्टीने कॅमच्या बरोबरीने तीच महत्त्वाची. डोळे मिटून धनुष्य पुढे धरा, खेचा, मग डोळे उघडा. तळहात दर वेळी त्याच जागी बसत असेल तर ती ग्रिप तुमची. इथे कंपनीकंपनीत खूप फरक आहे आणि तो कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो.

*

धागालेखिका

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप खूप आभार. तुमच्या उत्तरांवरून आता माझी यादी अशी झालीय: लांबी ३६-३७, ब्रेस हाइट सातच्या आसपास, ७० ते ७५ टक्के लेट-ऑफ ठेवता येईल असा कॅम, आणि २७ इंच कॅमच्या आखूड टोकाला न येता वरच्या बाजूला येईल असा आकार. एलिट आणि मॅथ्यूज हाताळायला मिळणार आहेत, बोटेक मिळतंय का बघते. बाण माझेच नेईन.

जाण्याआधी एकच शंका. स्टॉप दोन प्रकारचे दिसतात, काही केबलला टेकतात, काही लिम्बला. हिंजसाठी यातलं कुठलं बरं?

*

प्रतिसाद – तिसरा_बाण

लिम्ब स्टॉपची वॉल (खेचणं जिथे थांबतं ती हद्द) दगडासारखी कडक लागते, केबल स्टॉपला थोडी लवचीक. हिंजवाल्या बऱ्याच जणांना कडक वॉल आवडते, कारण खेचण्याचा सगळा जोर रिलीजमध्ये उतरतो. पण काहींना तिथे अडकल्यासारखं होतं आणि शॉट सुटतच नाही. तुम्ही हिंज अजून शिकताय, म्हणून दोन्ही प्रकारचे स्टॉप लावता येणारा कॅम मिळाला तर उत्तम. केबल स्टॉपवर सुरुवात करा, हिंज न घाबरता सुटायला लागलं की लिम्ब स्टॉप लावून बघा. आणि दुकानात हिंजने चाचणी घेऊ नका. अनोळखी धनुष्यावर अंगठ्याचंच रिलीज सुरक्षित. बाण न लावता तर चुकूनही सोडू नका, नव्या धनुष्याचेही लिम्ब एका फटक्यात तडकू शकतात.

हाताळून झालं की इथे नक्की लिहा, विशेषतः एलिटची व्हॅली कशी वाटली ते. माझ्या मैत्रिणीचीही ड्रॉ लेंग्थ २६.५ आहे आणि तीही याच शोधात आहे.