१४ वर्षांच्या मुलीला खोलीतला व्यायाम पुरतो का?

मृद्गंध:
लेक १४ वर्षांची. सातवीपर्यंत संध्याकाळी हाका मारमारून घरात आणावी लागायची. आता शाळा, क्लास, की खोलीचं दार बंद. लोळत नाही हं, मोबाइलवर व्हिडिओ लावून घाम निघेपर्यंत व्यायाम करते. मी "बाहेर जा गं जरा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "व्यायाम झालाय माझा, बाहेर वेगळं काय होणार?" रात्री एकपर्यंत जागी, सकाळी उठवताना रोज महाभारत. बाहेर जाण्याने खरंच फरक पडतो, की मीच जुन्या वळणाची?

शिट्टीवाले सर:
शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी लेकीची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: ५ ते १७ वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस हाडा-स्नायूंना जोर पडेल असं काही. घरात की बाहेर, अशी अट नाही. २०१६ ची १४६ देशांची आकडेवारी सांगते की ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं एवढंही करत नाहीत. मुलींत तर ८५ टक्के. तेव्हा आधी तिला शाबासकी द्या, मग पुढचं बोला.

बाहेर जादा मिळतो तो उजेड. दिवे लावलेल्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), बाहेर ढगाळ दिवशीही हजारोंत, भर उन्हात लाखाच्या घरात. आपल्याला तो फरक एवढा जाणवत नाही, शरीरातल्या घड्याळाला जाणवतो. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा स्रवतं, म्हणून जागरणाचं सगळं खापर मोबाइलवर फोडू नका. सकाळचा उजेड ते घड्याळ अलीकडे आणतो. शाळेला चालत गेली तरी चालेल.

चष्म्याचंही आहे. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांत मायनस नंबर लागला सुमारे ३० टक्के मुलांना, इतर शाळांत जवळपास ४० टक्क्यांना. ती मुलं लहान होती, आणि लागलेला नंबर उन्हाने उतरत नाही, हेही सांगून ठेवतो.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा वाटतो. मैदान आवडणारी मुलगी आठवीत एकाएकी का थांबली? पाळीच्या दिवसांत डागांची धास्ती, पांढरी पँट, पळताना अंगावरच्या नजरा, कपडे बदलायला आडोसा नाही. मुली हे आम्हा सरांना सांगत नाहीत, "पाय दुखतोय" सांगतात. आमच्याकडे गडद ट्रॅकपँट चालवायला लागल्यावर कडेला बसणाऱ्या बऱ्याच जणी मैदानात उतरल्या. तिला विचारा, पण समोर बसवून नको. भाजी निवडता निवडता विचारा.

शेवटचा बाक:
काकू, मी १७ वर्षांची. एक विनंती, वजनाचा 'व'सुद्धा काढू नका. "बाहेर जा, बारीक होशील" हे एकदा ऐकलं की बाहेर जाणं म्हणजे शिक्षा. मी मैत्रिणीबरोबर सायकल घेऊन निघते, त्यात अर्धा वेळ गप्पाच. घरी व्यायाम म्हणून सांगते.

मृद्गंध:
विचारलं. डाग नाही, नजरा नाहीत. संघ पाडताना दोन कॅप्टन एकेकीला निवडतात, आणि ही दर वेळी शेवटी उरते! मला हे कधी सुचलंच नसतं. तिला एकटीने करण्यासारखं काय सुचवू? आणि सर, गुडघ्याखाली दुखतं म्हणते, तेही बहाणाच का?

शिट्टीवाले सर:
बहाणा धरू नका. वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल तर उंची भराभर वाढणाऱ्या वयात ते सर्रास दिसतं, ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. सहसा पूर्ण विश्रांती लागत नाही, उड्या कमी कराव्या लागतात. तिच्या व्हिडिओत उड्या किती आहेत ते बघा. लंगडत असेल, गुडघा सुजला असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

एकटीसाठी पोहणं उत्तम, भरभर चालणंही चालेल. ते कॅप्टनचं मात्र तिच्या पीटीच्या शिक्षकांना कळवा, तिचं नाव न घेता. मी चिठ्ठ्या टाकून संघ पाडतो. दोन मिनिटं जास्त जातात, एवढंच.