प्रश्न फक्त श्रुतिमधुरतेचा नाही

कुणीतरी विचारलंय की कॅटलान भाषेत ‘एस’ हे सर्वनाम (कर्ता कोण ते न सांगता बोलायला वापरतात ते) ‘साप’सारख्या (म्हणजे ‘माहीत आहे’) स-ने सुरू होणाऱ्या क्रियापदाआधी ‘से’ का होतं. कानाला बरं वाटतं म्हणून, हे उत्तर मला अपुरं वाटतं. ‘एस’मधला स्वर मुळात नुसत्या स-च्या उच्चाराला आधार म्हणून आलेला आहे. आधीचा शब्द स्वराने संपत असला की बोलण्यात तो गळतो: ‘नो (नाही) एस’ लिहितात, पण उच्चार ‘नोस’. आता ‘नो एस साप’ (माहीत नाही, कुणालाच) पटकन म्हणून बघा. दोन स एकमेकांत विरतात आणि उरतं ‘नो साप’, म्हणजे ‘त्याला माहीत नाही’! सर्वनामच गायब. ‘नो से साप’ म्हटलं की दोन स-मध्ये स्वर येतो आणि अर्थ वाचतो. परंपरागत व्याकरण म्हणूनच ‘से साप’, ‘से सेलेब्रा’ (साजरं होतं) सुचवतं. ‘एस साप’ही सर्रास दिसतं, तो भाग वेगळा.

स्पॅनिशमध्ये ‘त्याला ते’ या अर्थी ‘ले लो’ऐवजी ‘से लो’ म्हणतात, ते उदाहरण मात्र इथे नको. ‘ले लो’तले दोन ल टाळायला ते घडलं, असं शिकवतात खरं, पण जुन्या स्पॅनिशमध्ये ते ‘जे लो’ होतं, त्यातून ‘से’ आलं.