क्लेमॅटिसची वेल अचानक सुकतेय, मदत हवी आहे (अर्जंट!)

घोडबंदरची_मनू
क्लेमॅटिस लावली आहे, जांभळी, मोठ्या फुलाची. मस्त वाढत होती, कळ्याही धरल्या होत्या. परवा सकाळी बघते तर शेंड्यांनी माना टाकलेल्या, आज पानं काळी पडायला लागली. पाणी व्यवस्थित घालते, खतही दिलंय. काय फवारू ते सांगा. शनिवारी सासूबाई येतायत आणि त्यांना कळ्यांचे फोटो आधीच पाठवलेत. "त्यापेक्षा गुलाब लावा" छाप सल्ले नकोत, प्लीज.

ऐरोलीकर
कुंडी की जमीन? कितवा मजला? ऊन सकाळचं की दुपारचं? आणि "व्यवस्थित" म्हणजे किती पाणी?

घोडबंदरची_मनू
कुंडीच. इथे टॉवरमध्ये जमीन कुठून आणू? बाल्कनी पश्चिमेची. फवारणीचं सांगा ना कुणीतरी.

भाऊ_दिवेकर
निंबोळी तेल. लिटरभर पाण्यात पाच मिली, चार थेंब भांडी घासायचा लिक्विड साबण, संध्याकाळी फवारायचं. माझ्या जास्वंदीवर पांढरा मावा पडला होता, पार गेला. मी कढीपत्त्यालाही हेच मारतो.

पानोपानी
भाऊ, कीड आहे असं त्या कुठे म्हणाल्या?
मनू, मला हा क्लेमॅटिस विल्ट वाटतोय. बुरशीचा रोग आहे, नाव कॅलोफोमा क्लेमॅटिडिना. काल टवटवीत असलेली फांदी आज लोळते आणि मग काळी पडते. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना जास्त होतो. फवारून उपयोग नाही. ती फांदी हिरवं, निरोगी खोड लागेपर्यंत खाली कापा, लागलं तर पार मातीलगत. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका आणि कात्री स्पिरिटने पुसा. खालून पुन्हा फुटते. म्हणूनच रोप लावताना दोन-तीन इंच जास्त खोल लावतात, मातीखालचे डोळे शाबूत राहतात. हातमोजे घाला, हिच्या चिकाने काहींच्या कातडीची आग होते.

ऐरोलीकर
लगेच विल्ट कसं ठरवलंत? एकच फांदी गेली की सगळ्या? सगळ्या एकदम गेल्या असतील तर मला मुळं कुजल्याची शंका आहे. मनू, कुंडी कसली? खाली ताटली आहे का?

घोडबंदरची_मनू
सगळ्याच. म्हणजे एक आधी, बाकीच्या कालपासून. कुंडी प्लास्टिकची, काळी. ताटली आहेच, ती काढता येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडला की त्या थेट सेक्रेटरीला फोन करतात.

ऐरोलीकर
सापडलं. ताटलीत पाणी साचतंय आणि ऑक्टोबरच्या उन्हात काळी कुंडी दुपारभर पश्चिमेला तापतेय. मुळं शिजतायत हो! या वेलीला डोक्यावर ऊन चालतं, पायाशी मात्र गारवा लागतो. आजच कुंडीतून काढून बघा. मुळं तपकिरी, गिळगिळीत आणि वास मारत असेल तर कुजलीत, पांढरट-टणक असतील तर पानोपानी बरोबर.

सोसायटी_सदस्य
ताटलीवरून आठवलं. आमच्या सोसायटीने ग्रिलबाहेर कुंड्या ठेवायला बंदी केली आहे. हा नियम करायला कमिटीला सर्वसाधारण सभा लागते की नोटीस पुरते?

पानोपानी
त्यासाठी वेगळा धागा काढा हो.
ऐरोलीकर, दोन्हीही असू शकतं. पाणी साचलेल्या कुंडीत रोप आधीच दमलेलं असतं, त्यात बुरशी शिरते.

कुन्नूरहून_परतलेली
मूळ प्रश्न वेगळाच आहे. ही थंड हवेची वेल. जॅकमनी ही त्यांतली प्रसिद्ध जात इंग्लंडमध्ये १८६२ साली पहिल्यांदा फुलली. या जातींना हिवाळ्यात गारठा आणि विश्रांती लागते. ठाण्यात रात्रीचा पारा १५च्या खाली क्वचितच जातो. कुन्नूरला माझ्याकडे कुंपणभर फुलायची, इथे दोनदा लावली, दोनदा गेली. नर्सरीवाले कळ्यांसकट विकतात, पुढचं ते बघत नाहीत.

घोडबंदरची_मनू
म्हणजे पैसे वाया? मी ऑनलाइन मागवली होती, "सर्व हवामानात चालते" असं लिहिलं होतं.

ऐरोलीकर
असं तर प्लास्टिकच्या फुलांवरच लिहिता येईल.

येऊरप्रेमी
क्लेमॅटिसच हवी असेल तर आपल्या डोंगरातली मोरवेल आहे की. हीसुद्धा क्लेमॅटिसच. पावसाळा संपला की पांढऱ्या लहान फुलांनी झुडपं झाकून टाकते आणि नंतर बियांना पिसासारखे तुरे येतात. त्या फुलांना पाकळ्या नसतात, दिसतात ती निदलं, तुमच्या जांभळीचंही तेच. आमच्या हवेतलीच आहे, मोठ्या कुंडीत टिकेल.

भाऊ_दिवेकर
वा! येऊरला रविवारी जातोच आहे, एक फांदी तोडून आणतो तुमच्यासाठी.

येऊरप्रेमी
भाऊ, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून पानही आणायचं नाही. देशी रोपं विकणाऱ्या रोपवाटिकेत विचारा.

कुन्नूरहून_परतलेली
पांढरं नको, जांभळंच हवं असेल तर पेट्रिया लावा, म्हणजे नीलमणी वेल. भरपूर ऊन आणि जाड आधार द्या, आमच्या वाशीच्या गच्चीत घोसच्या घोस येतात. पण मोठी होते, बाल्कनीच्या मापाने छाटत राहावी लागेल.

घोडबंदरची_मनू
काढून बघितली. बरीचशी मुळं तपकिरी आहेत, वासही येतोय, पण एका बाजूची थोडी टणक आहेत. आता?

ऐरोलीकर
कुजलेली सगळी कापा. नवी भुसभुशीत माती, त्यात कोकोपीट आणि जाड वाळू. मातीची कुंडी घ्या. वरच्या सगळ्या फांद्या वीतभर ठेवून छाटा, खत महिनाभर बंद. ताटली ठेवायचीच असेल तर कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवा आणि साचलेलं पाणी रोज ओता. बोट खुपसून इंचभर खाली कोरडं लागलं तरच पाणी. दुपारी कुंडीपुढे दुसरी मोठी कुंडी सरकवा.

पानोपानी
आणि जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

घोडबंदरची_मनू
ठीक. पण शनिवारचं काय?

भाऊ_दिवेकर
सासूबाईंना निंबोळी तेलाचा वास आवडतो का?