अनेक संकेतस्थळांना एकच टेम्प्लेट: वर्डप्रेस, जुमला की ड्रुपल?

प्रश्न (फोंडा)
आमच्या तालुक्यातील काही देवस्थान समित्यांची वर्डप्रेस (जुमला, ड्रुपलसारखीच संकेतस्थळे चालवण्याची प्रणाली) संकेतस्थळे मी सांभाळतो. प्रत्येकाचे रंग आणि बोधचिन्ह निराळे असले, तरी हेडर, फूटर आणि उत्सवाचे कार्ड (तिथी, तारीख, पालखीची वेळ, छायाचित्र) सगळीकडे सारखेच आहे. हे कार्ड प्रत्येक थीममध्ये (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचात) स्वतंत्रपणे चिकटवलेले असल्यामुळे ऐन जत्रेच्या तोंडावर लहानसा बदलही सर्वत्र करत बसावे लागते. टेम्प्लेट (पानाच्या भागाचा साचा) एकदाच लिहून सगळीकडे वापरण्याची सोय कोणत्या प्रणालीत अधिक भरवशाची आहे?

उत्तर (म्हापसा)
यासाठी वर्डप्रेस सोडण्याची गरज नाही. कार्ड मूळ थीममध्ये ठेवून प्रत्येक देवस्थानासाठी चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली उपथीम) करावी. चाइल्डमध्ये त्याच नावाची टेम्प्लेट फाइल असेल तर ती वापरली जाते, नसेल तर मूळ थीममधली. मात्र २०२२ मध्ये ५.९ आवृत्तीपासून आलेल्या ब्लॉक थीम (हेडर-फूटरसह सारे पान ब्लॉक जोडून बनवणाऱ्या थीम) वापरत असाल, तर साइट एडिटरमधून (ब्राउझरमध्येच रचना बदलण्याच्या सोयीतून) केलेला बदल डेटाबेसमध्ये साठवला जातो आणि तोच फाइलवर मात करतो, हे ध्यानात असू द्यावे. समितीतील एखाद्या उत्साही सदस्याने तिथे हेडर हलवला, की तो रीसेट करेपर्यंत तुम्ही फाइल कितीही सुधारली तरी पानावर काहीच दिसणार नाही. म्हणून सदस्यांना ‘एडिटर’ ही भूमिका द्यावी (तिला साइट एडिटर उघडता येत नाही), ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नव्हे.

उत्तर (मडगाव)
रचनेची शिस्त पाहिली तर ड्रुपल उजवे आहे. १०.१ पासून कार्डाचे ट्विग (ड्रुपलची टेम्प्लेट-भाषा) टेम्प्लेट, सीएसएस (रंगरूपाचे नियम) आणि त्याला कोणती माहिती लागते याचे वर्णन एकाच फोल्डरमध्ये ठेवता येते. तथापि, कंपोझरने (कमांड लाइनवरून घटक बसवणाऱ्या साधनाने) अद्ययावत करत राहण्याचा व्याप केवळ एका कार्डापायी ओढवून घेऊ नये, असे माझे मत आहे.

उत्तर (डिचोली)
जुमलामध्ये ओव्हरराइडची (मूळ फाइलऐवजी वापरल्या जाणाऱ्या आपल्या प्रतीची) फाइल टेम्प्लेटच्या ‘एचटीएमएल’ फोल्डरमध्ये जाते, आणि ४.१ पासून चाइल्ड टेम्प्लेटही आहेत. अद्ययावतीकरणात मूळ फाइल बदलली तरी ओव्हरराइड जुनाच राहतो. चौथ्या आवृत्तीपासून त्याची सूचना मिळते, पण फाइल ताडून पाहण्याचे काम आपलेच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. संकेतस्थळे वेगवेगळ्या होस्टिंगवर आहेत. तरीही चाइल्ड थीम पुरेल का?

उत्तर (म्हापसा)
मूळ थीमची प्रत प्रत्येक होस्टिंगवर लागेल, त्यामुळे ती गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवून तिथूनच सर्वत्र पाठवावी. समित्या एका होस्टिंगवर येण्यास तयार असतील तर मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक संकेतस्थळे) करावे. त्यात थीमच्या फाइली सर्वांना एकच असतात, साइट एडिटरमधील बदल मात्र ज्याचे त्याच्यापुरते राहतात.