मदत हवी आहे : परसदारी चूल आणि बसण्याची जागा कशी आखावी?

अलिबाग तालुक्यातील आमच्या घरामागे सुमारे 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद अशी मोकळी जागा असून, तिथे चुलीवर स्वयंपाक करता यावा आणि जेवणानंतर निवांत टेकताही यावे, अशी व्यवस्था करण्याचा विचार आहे.

मुख्य अडचण धुराची आहे. दुपारी वारा समुद्राकडून येतो, तर हिवाळ्यात रात्री तो उलट फिरून जमिनीकडून वाहू लागतो. त्यामुळे मागच्या वर्षी तीन विटा मांडून केलेल्या चुलीचा धूर दिवसा पडवीत आणि रात्री थेट जेवणाऱ्यांच्या डोळ्यांत जात होता. चुलीचे तोंड कोणत्या दिशेला ठेवावे, की मागे आडोशाची भिंत घालून वर धुरांडे काढावे?

जमिनीसाठी जांभ्याची फरशी मनात आहे, पण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि सासूबाई एकदा घसरल्याही आहेत. शेणाने सारवलेले खळे मला अधिक आवडते, मात्र ते दर पावसाळ्यानंतर नव्याने करावे लागते.

शिवाय वालाच्या शेंगांच्या हंगामात पोपटी, म्हणजे मडक्यात भरून जाळावर शिजवलेल्या शेंगा, लावायची असते. भांबुर्ड्याचा पाला भरून उपडे घातलेले मडके आणि त्याभोवतीचा जाळ यांसाठी आंब्याच्या झाडापासून किती अंतर सोडावे? गेल्या खेपेस खालची एक फांदी करपली.

मांडव कायमचा घालावा की दिवाळीनंतर उभारून मे अखेरीस काढावा, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.