ठासणीची जुनी रायफल : किंमत कशी काढायची?

गिरगावकर७९
आजोबांची ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक दापोलीच्या घरी होती, शेतीच्या राखणीची. परवाना आता बाबांच्या नावावर आहे, बंदूक मुंबईतच. बाबा विकायची म्हणतात. घोड्याजवळच्या पाटीवर मुकुट, ‘टॉवर’ आणि १८५९ कोरलंय, नळीला तीन कड्या. परदेशी लिलावात असल्या बंदुकीला हजार डॉलर दिसतात. चोर बाजारातला एकजण फोटो बघून ‘दहा हजार’ म्हणाला. नक्की किती धरायचे? आधी ब्रासोने लख्ख करून घेऊ का?

लालबागचे_काका
ब्रासो खाली ठेव बाळा. फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात उमेदीची वर्षं काढली मी. घासूनपुसून आणलेली बंदूक पाहिली की शेठ निम्म्यावर यायचा. जुना तपकिरी रंग आणि कोरीव अक्षरांच्या धारा, पैसे त्याचेच असतात.

पण सगळ्यात आधी, ती भरलेली नाही ना? निपलवर, म्हणजे घोडा जिथे आपटतो त्या बोंडीवर, केप (ठिणगीची टोपी) लावून वाजवून बघू नकोस. आपलं तोंड बाजूला ठेवून गज (ठासायची काठी) नळीत सोड, नळीच्या तोंडापाशी गजावर खूण कर, मग खूण तोंडाशी धरून तोच गज नळीला बाहेरून लावून बघ. टोक निपलजवळ पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत दारू-गोळी बसलीय. मग हात लावू नकोस, परवानाधारक गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) दे.

रिकामी असली तर छोटा एलईडी दोऱ्याने आत सोड. तीन कड्यांच्या १८५३ च्या एनफिल्ड या इंग्रजी लष्करी रायफलीला ३९ इंची नळी, ०.५७७ इंचाचं तोंड आणि आत पीळ घेत गेलेल्या तीन पन्हळी, म्हणजे आटे, असतात. पण १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना बिनआट्यांच्या बंदुका दिल्या, दिसायला जवळजवळ तशाच. शिवाय छरे मारायला आटे खरवडून काढलेल्याही कितीतरी आमच्याकडे यायच्या. ‘टॉवर’वर भुलू नकोस, लंडनच्या सरकारी शस्त्रागाराचा तो शिक्का बर्मिंगहॅमचे खासगी कारागीरही मारायचे. देशी नकलेत मुकुट तिरका नि अक्षरं उलटी सापडतात.

वकील_पार्ले
डॉलर विसरा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि जुनी म्हणून परवान्यातून सुटते हा गैरसमज आहे. दुरुस्ती करूनही जी उडू शकत नाही, तीच सुटते. इथे गिऱ्हाईक परवानेवालाच हवा, शिवाय विक्रीआधी ४५ दिवस पोलिस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. मग भाव चढणार कुठून?

गिरगावकर७९
गज टाकून पाहिला, रिकामी आहे. आत पन्हळी नाहीत, गुळगुळीत. तोंड मोजलं तर ०.६५ इंचाच्या आसपास. गज मूळचा नसावा, दस्त्याला तारेचा वेढा.

लालबागचे_काका
मग रायफल नव्हेच, देशी पलटणीची मस्केट, म्हणजे बिनआट्यांची बंदूक दिसतेय. ०.६५ हेच त्यांचं माप. संग्राहकाला नळीवरचे प्रूफचे (नळी तपासून पास केल्याचे) शिक्के दाखव. वेढा सोडवू नकोस, खाली चिरलेलं लाकूड असणार. नकली गज आणि चिरलेला दस्ता म्हटलं की भाव पडतोच. राखणीला घेणारा तर शिक्के बघणारही नाही, घोडा नीट पडतो का तेवढं बघेल. चोर बाजारवाला फोटोवर भाव सांगतो, परवाना विचारत नाही. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. परवान्यावर ‘रायफल’ लिहिलंय का ‘ठासणीची बंदूक’, ते आधी बघून सांग.